गंडमचा तेरावा भाग वगळू का? लढाई नसलेल्या भागाबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १९७९ची 'मोबाइल सूट गंडम' ही जपानी कार्टून मालिका तुम्ही पहिल्यापासून पाहताय. बारा भाग झाले. तेराव्यात नायक आमुरो रोबो बाजूला ठेवून आईला भेटायला गावी जातो, आणि तुम्ही तो भाग कंटाळून मध्येच बंद केलात. आता विचारताय, हे पाणी घालणं आहे का, आणि वगळला तर पुढे काही अडेल का. शेवटच्या दोन ओळींत तुम्ही लिहिलंय की तुम्ही स्वतः अ‍ॅनिमेशन शिकताय, रोबो-युद्धाच्या छोट्या मालिकेचा स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रांतली आखणी, करताय, तिच्या दुसऱ्या भागात लढाईच नाही, आणि वर्गातली मंडळी म्हणताहेत की तो भाग उडव.

मला वाटतं खरी अडचण त्या शेवटच्या दोन ओळींत आहे. संथ भाग आणि पाणी घातलेला भाग यांत फरक कसा ओळखायचा, हे तुम्हाला हवंय. मी वीसेक वर्षं स्टोरीबोर्ड करते, आधी मुंबईत, आता पुण्यात. या प्रश्नाशी माझी गाठ जवळजवळ दर प्रकल्पात पडते, म्हणून जरा लांब लिहिते. एक सूचना आधीच: मी तेराव्या भागाचा शेवट सांगणार आहे. राहिलेली दहा-बारा मिनिटं आधी पाहून आलात तर उत्तम.

पहिल्या प्रश्नाचं रोखठोक उत्तर: नुसतं कथानक धरलंत तर काही अडणार नाही. चौदावा भाग सरळ समजेल. फक्त एक जागा अशी आहे जिथे अडेल, ती शेवटी सांगते.

आता तेराव्यापर्यंत काय काय झालंय ते आठवून पाहा. निवेदक आपल्याला सांगतो की युद्ध पेटल्यावर महिन्याभरातच पृथ्वीचं फेडरेशन आणि त्याच्याविरुद्ध उठलेलं झिऑन या दोन्ही बाजूंनी मिळून निम्मी मानवजात मारली. आमुरो पंधरा वर्षांचा. पहिल्याच भागात तो गंडम नावाच्या युद्ध-रोबोत चढतो, एक झाकू, म्हणजे झिऑनचा रोबो, कापतो, त्या स्फोटाने वसाहतीच्या भिंतीला भगदाड पडतं आणि त्यातून त्याचे वडील, ज्यांनी या यंत्रावर काम केलंय तेच, बाहेर अंतराळात ओढले जातात. नवव्या भागात तो लढायला नकार देतो, त्यांच्या जहाजाचा तरुण कप्तान ब्राइट त्याच्या थोबाडीत मारतो, आणि हा पोरगा ओरडतो की मला माझ्या बापानंही कधी मारलं नाही. बाराव्यात तो सरळ आजारी आहे. अंगात ताप नाही, पण माणूस जागेवर नाही. नव्या सैनिकांना होतं तसं काहीतरी झालंय, असं आजूबाजूचे बोलतात.

अशा मुलाला सुट्टी मिळाली तर तो कुठे जाईल? घरी. तेरावा भाग इथून सुरू होतो. बारा भाग दिग्दर्शक योशियुकी तोमिनो या मुलाच्या अंगावर ओझं टाकत आलेत. ते मोजायला कुठेतरी काटा लावावा लागतो, आणि लढाईत तो लागत नाही. लढाईत माणूस फक्त जिवंत राहतो किंवा मरतो.

आता त्या भागाची बांधणी पाहा. मी विद्यार्थ्यांना हा भाग आवाज बंद करूनही दाखवते. त्यांचं युद्धजहाज, व्हाइट बेस, समुद्राकाठी थांबलंय, मंडळी उन्हात विसावलीत. आमुरो कोअर फायटर या छोट्या लढाऊ विमानातून गावाकडे निघतो. घराचं दार उघडतो तर आत त्याच्याच बाजूचे, फेडरेशनचे सैनिक दारू पीत बसलेत. बाहेर फळं विकणाऱ्या एका बाईला तसलेच सैनिक त्रास देताहेत. हा मध्ये पडतो आणि मार खातो. इथे शत्रू कुठेच नाही, हे लक्षात घ्या. ज्यांच्यासाठी तो बारा भाग जिवावर उदार होऊन लढला, त्यांनीच त्याचं घर बळकावलंय. हे सांगायला एकही भाषण नाही. दार उघडणं, आतली माणसं बघणं, बस्स.

मग छावणी. आई, कामारिया, तिथे निर्वासितांची सेवा करते. भेट होते, रडारड होते, आणि तेवढ्यात झिऑनचे दोन सैनिक तपासणीला येतात. आई पोराला रुग्ण म्हणून खाटेवर निजवते, अंगावर पांघरूण घालते. सैनिक जवळ येतो, आणि नेमकं त्याच वेळी आमुरोच्या जवळचं संपर्काचं यंत्र वाजतं. सैनिकाचा हात पांघरुणाकडे जातो. पांघरुणाखालून गोळी सुटते. एक कोसळतो, दुसरा पळतो.

या जागी थोडं थांबू, कारण सगळा भाग या पांघरुणावर उभा आहे. आतापर्यंत आमुरो लढला तो अठरा मीटर उंच यंत्रात बसून, पडद्यावर बघत. समोर झाकू असायचा, त्याला चेहरा नव्हता, एकच डोळा होता. इथे मधे फक्त कापड आहे. तेही आईने, त्याला वाचवायला, स्वतःच्या हाताने घातलेलं. लहान मुलाला झोपवताना आई पांघरूण घालते, तीच क्रिया. त्याच पांघरुणातून तो माणूस मारतो, तिच्या डोळ्यांदेखत. बोर्डवर अशी वस्तू सापडली की आमचं अर्धं काम झालं. मग संवादाने काही समजवावं लागत नाही.

त्यानंतरचं मायलेकांचं भांडण मला आजही अवघड जातं. आई म्हणते, त्या माणसांनाही बायकामुलं असतील, आणि तू बंदूक रोखून मारलंस, किती रासवट झालास. तो म्हणतो, हे युद्ध आहे. आणि मग विचारतो, आई, तुझं माझ्यावर प्रेम नाही का? दोघंही खरं बोलतात. आई चुकत असती तर आपण मुलाच्या बाजूने निवांत बसलो असतो. मुलगा चुकत असता तर हा शांततेचा धडा झाला असता. त्यात आईचीही एक दुखरी जागा आहे: नवरा मुलाला घेऊन अंतराळातल्या वसाहतीत गेला तेव्हा ती पृथ्वीवरच राहिली होती. 'तू असा नव्हतास' हे म्हणायला ती इतकी वर्षं जवळ नव्हती. कुणी तिला हे तोंडावर सुनावत नाही. आपल्याला ते माहीत असतं, आणि तेवढं पुरतं.

शेवटी ब्राइट येतो, आईशी अदबीने बोलतो, तुमचा मुलगा चांगलं काम करतोय म्हणतो. आणि आमुरो आईला सॅल्यूट करतो. मिठी नाही, पाया पडणं नाही, सॅल्यूट. त्याची भाषाही बदलते, एकदम फौजी आणि औपचारिक होते. इंग्रजी सबटायटलमध्ये हे हरवतं. मराठीत सांगायचं तर जन्मभर आईला 'अगं आई' म्हणणारा मुलगा अचानक 'आपण प्रकृतीला जपा' म्हणाला, तर त्या घरात काय होईल तसं. आई कोसळून रडते. तो निघून जातो.

थोडक्यात: या भागात रोबोंची गोष्ट फारशी पुढे सरकत नाही, पण एका मुलाचं घर संपतं. झाकू पुढच्या आठवड्यात दुसरा येतो. घर दुसरं येत नाही.

यावर माझी कसोटी बेतलेली आहे, आणि ती तुम्ही तुमच्या बोर्डला लावू शकता. संथ भाग संपल्यावर स्वतःला विचारायचं, कुठली गोष्ट आता परत फिरवता येणार नाही? उत्तर मिळालं तर भाग मुरलाय. नाही मिळालं, म्हणजे पात्रं जिथून निघाली तिथेच परत आली, तर पाणी घातलंय, मग त्यात तीन स्फोट असले तरी. आपल्या मालिकांमध्ये आपण हे रोज बघतो. तिथे पाणी असतं ते बहुतेक वेळा धावपळीतच. संगीत वाजतं, तीन वेळा तोंडं वळतात, आणि सोमवारी सगळे होते तिथे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून असतं ते कबूल करते, नाहीतर हे सगळं फारच सोपं वाटेल.

पहिलं, पैसा. तेव्हाचं टीव्ही अ‍ॅनिमेशन हाताने, सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकवर रंगवून. सेकंदाला चोवीस फ्रेम, पण सगळ्या वेगळ्या काढायच्या नाहीत. साधारण थ्रीजवर काम, म्हणजे एक चित्र तीन फ्रेम धरायचं, सेकंदाला आठ चित्रं. रोबो म्हणजे रेषाच रेषा, वळवला की प्रत्येक सांधा नव्याने काढा. म्हणून रोबोचे तुकडे एकत्र जोडले जातात ती दृश्यं एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरायची. आईचा चेहरा तीन सेकंद स्थिर धरला तर एक चित्र, फार तर डोळ्यांची उघडझाप आणि ओठांचे दोन-तीन आकार. त्यामुळे कुणी म्हणेल, संथ भाग म्हणजे बचत. असतेच. दर आठवड्याला बावीस-तेवीस मिनिटं द्यायची तर कुठेतरी हात राखून खर्च करावा लागतो. पण बचत हे कारण असलं म्हणून परिणाम हलका होत नाही. उलट स्थिर चेहरा फार निर्दय असतो. हलणाऱ्या चित्रात चूक लपते, स्थिर चित्रात भुवई एक रेघ वर गेली तरी भाव बदलतो. पात्ररचना योशिकाझु यासुहिकोंची होती, आणि त्यांची माणसं गप्प असतानाही विचार करताना दिसतात. असा हात तुमच्या गटात नसेल तर संथ दृश्य तुमच्यावर उलटेल. हे गोड बोलून सांगण्यात अर्थ नाही.

दुसरं, ज्याचा पैसा त्याचा रोबो. ही मालिका खेळणी विकण्यासाठी उभी राहिली होती. मुख्य प्रायोजक क्लोव्हर ही खेळण्यांची कंपनी. त्यामुळे तेराव्या भागातही गंडम लढतोच: आमुरो झिऑनचा तळ उद्ध्वस्त करतो. पण ती लढाई कुठे ठेवलीय ते बघा. आईशी भांडण झाल्यावर आणि सॅल्यूटच्या आधी. एरवी विजय वाटला असता, इथे तो मुलगा रागात काहीतरी फोडतोय असं दिसतं. प्रायोजकाचं देणं चुकतं केलं आणि तेच देणं गोष्टीच्या कामाला लावलं. बंधन कापून टाकता येत नसेल तेव्हा ते कुठे बसवायचं, एवढं तरी आपल्या हातात असतं.

तिसरं, प्रेक्षक लगेच भेटेलच असं नाही. एप्रिल १९७९ ला ही मालिका सुरू झाली, बावन्न भागांची आखणी होती, प्रतिसाद कमी म्हणून ४३व्या भागावर, जानेवारी १९८० मध्ये गुंडाळली. लोक आले ते पुनःप्रक्षेपणात आणि १९८०च्या उन्हाळ्यात बानदाईच्या प्लॅस्टिक मॉडेलांबरोबर. मग १९८१ मध्ये पहिले भाग कापून दोन-सव्वादोन तासांचा चित्रपट केला. कापाकापीत कितीतरी लढाया गेल्या, आईची भेट राहिली. एडिटिंग टेबलावर इतक्या भागांतून निवडायची वेळ येते तेव्हा माणूस भावनेने निवडत नाही. काय काढलं तर गोष्ट पडते, ते बघतो.

माझ्या कसोटीला छेद देणारं उदाहरणही सांगते. पंधरावा भाग, कुकुरुझ डोआनचं बेट. झिऑन सोडून आलेला एक सैनिक अनाथ मुलांना सांभाळत एका बेटावर राहतो. पुढच्या गोष्टीवर काही परिणाम नाही. रेखाटन इतकं डगमगतं की त्यातला हडकुळा झाकू बदनाम आहे. चित्रपटांमध्ये हा भाग घेतला नाही, आणि तोमिनोंच्या इच्छेने तो अमेरिकेतल्या आवृत्तीतूनही वगळला गेला. माझी कसोटी लावली तर हा वगळण्यासारखाच. पण २०२२ मध्ये यासुहिकोंनी याच भागाचा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. चाळीसेक वर्षं त्यांच्या मनात तो भाग राहिला असणार. तेव्हा एखादा भाग 'पाणी' आहे असं म्हणताना मी आता थोडी सावध असते. कधी कल्पना चोख असते, आठवडा अपुरा पडतो.

आणि तुम्ही आठवा भाग घाईत पाहिला असेल तर तो पुन्हा पाहा. निर्वासितांना उतरवायला तात्पुरता युद्धविराम होतो. एक आई लहान मुलाला घेऊन आपल्या गावाकडे, सेंट आंजकडे निघते. झिऑनचं टेहळणी विमान त्यांना सामान टाकून जातं, शत्रूचे सैनिक त्यांच्याशी माणुसकीने वागतात. आणि शेवटी कळतं की ती ज्या ओसाड माळावर उभी आहे, तेच सेंट आंज. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा लातूरकडच्या भूकंपानंतर ढिगाऱ्यात आपली गल्ली शोधणाऱ्या माणसांची आठवण झाली. भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते, आमचे एक नातेवाईक मदतीला गेले होते, त्यांनी येऊन सांगितलं होतं की लोकांना आपलं घर कुठे होतं हे दाखवताच येत नव्हतं. युद्धावरच्या मालिकेत हे कुणीतरी दाखवायलाच हवं.

आता तुमचा दुसरा भाग. तुम्ही लिहिलंय त्यावरून एवढंच कळतं की त्यात लढाई नाही आणि नायिका रात्रभर गॅरेजमध्ये यंत्र दुरुस्त करते. तो ठेवा की काढा, हे बोर्ड न बघता कुणीही सांगू नये. पण मी स्वतः केलेली एक चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी मुलांच्या एका मालिकेवर काम करत होते. तिसऱ्या भागात आई लढायला निघालेल्या मुलीला डबा भरून देते. स्टीलचा तीन पुडांचा डबा, त्याची खिट्टी बसत नाही. आई तळहाताने दाबते, मग पदराने धरून दाबते, मग मुलगी पुढे होऊन खिट्टी लावते. दोघींपैकी कुणी बोलत नाही. अ‍ॅनिमॅटिकमध्ये, म्हणजे बोर्डची चित्रं वेळेवर बसवून केलेल्या कच्च्या फिल्ममध्ये, हे चौदा सेकंद होतं. निर्मात्यांकडून निरोप आला, चार सेकंद करा. मी वाद घातला नाही, केलं. चार सेकंदांत फक्त 'आईने डबा दिला' एवढं उरलं. नवव्या भागात तो डबा चेपलेला, खिट्टी तुटलेली, रणांगणावरून परत येतो. लिहिताना त्या जागी आम्ही सगळे गप्प झालो होतो. पडद्यावर मात्र तो एक चेपलेला डबा होता. ज्यांनी खिट्टी लागताना पाहिली नाही, त्यांना ती तुटलेली कशी दिसणार? ते दहा सेकंद मी राखायला हवे होते. निदान कारण देऊन भांडायला हवं होतं. तेव्हा माझ्याकडे 'मला ते दृश्य आवडतं' याखेरीज शब्द नव्हते.

म्हणून मित्रांशी वाद घालण्याआधी हे करून पाहा. तुमच्या दुसऱ्या भागातली एक वस्तू निवडा, पाना, टॉर्च, काहीही. ती शेवटच्या भागात परत येते का? येत असेल तर दुसऱ्या भागात तिला हात लागताना पूर्ण दाखवा, घाई करू नका. बाकीची दृश्यं निम्मी करा. संथ म्हणजे सगळंच संथ नव्हे. तेराव्या भागातही घर, मारामारी, छावणी हे भरभर सरतं आणि वेळ मिळतो तो खाटेला आणि सॅल्यूटला. दुसरं, अ‍ॅनिमॅटिक संगीताशिवाय लावा. जिथे मित्र चुळबुळ करतील ती जागा लिहून ठेवा, पण लगेच कापू नका. चुळबुळ कधी कंटाळ्याने होते, कधी अवघडल्याने. तुमचा मित्र त्या क्षणी फोनकडे बघतोय की पडद्यावरून नजर चुकवतोय, हे त्याच्या मागे नाही, बाजूला बसून बघा. आणि भाग दुसराच हवा का, हेही तपासा. गंडमने बारा भाग ओझं टाकलं, मग काटा लावला. एका भागात पुरेसं ओझं पडलं असेल तर दुसरा चालेल. नसेल तर तोच भाग चौथा करा, एकही फ्रेम न बदलता.

राहता राहिली ती एक जागा. पुढचं सगळं पाहून तुम्ही ४३व्या, शेवटच्या भागात याल. तिथे काय घडतं ते सांगत नाही. फक्त आमुरोच्या तोंडी परत जायच्या जागेबद्दल एक वाक्य येतं, अगदी साधं. ते ऐकताना तेराव्या भागातलं घराचं दार, आत बसलेले सैनिक आणि तो सॅल्यूट डोळ्यांसमोर असायला हवा. आज रात्री तेरावा जिथे थांबवलात तिथून लावा, आणि लागोपाठ चौदावा. त्यात झिऑनचे पायदळातले पोरगे गंडमला बॉम्ब चिकटवून जातात आणि आमुरो ते एकेक करून हाताने काढतो. आईला सॅल्यूट करून आलेला हाच मुलगा आहे हे मनात ठेवून त्याच्या हातांकडे बघा.